मिरपुडी पतंग

जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून ज्या कीटकाचे चित्र पिढ्यानुपिढ्या छापले गेले, असा एक पतंग इंग्लंडच्या वनराईत राहतो. चित्रात झाडाची दोन खोडे असतात, एक फिकट व दुसरे काजळीने माखलेले, आणि प्रत्येकावर एक पांढरा व एक काळा पतंग बसविलेला असतो. ‘बसविलेला’ हाच शब्द योग्य, कारण अशी छायाचित्रे पुष्कळदा मेलेले पतंग खोडावर ठेवून घेतली जात. हा पतंग दिवसा आपण होऊन कोठे बसतो, या साध्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. आणि मधल्या काळात त्याच्यावर आधारलेला उत्क्रांतीचा एक विख्यात पुरावाच डळमळीत झाल्यासारखा वाटू लागला होता.

इंग्रजीत यास ‘पेपर्ड मॉथ’ म्हणतात. पांढऱ्या वस्त्रावर मिऱ्यांची भरड पूड उधळावी तसे त्याचे पंख दिसतात. म्हणून मराठीत त्याला मिरपुडी पतंग म्हणण्यास हरकत नाही. शास्त्रीय नाव बिस्टन बेट्युलेरिया. ‘बेट्युला’ म्हणजे भूर्ज; याच वृक्षाच्या हिमालयातील भाईबंदाच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या. पंख पसरले असता त्यांची रुंदी सुमारे दीड ते अडीच इंच भरते. शरीर जाड व केसाळ असते. नराच्या मिशा पिसांसारख्या, तर मादीच्या साध्या दोऱ्यासारख्या असतात. यूरोप, उत्तर आशिया व उत्तर अमेरिका एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात तो आढळतो. त्याला घनदाट अरण्यच हवे असे नाही. कुंपणाची झाडी, उद्याने, शहरातील बागाही त्याला चालतात. आसामच्या चहाच्या मळ्यांत पाने फस्त करणारी एक अळी याच प्रजातीतील दुसऱ्या एका पतंगाची आहे.

प्रौढ पतंग काहीही खात नाही. अळीच्या अवस्थेत साठविलेल्या चरबीवर त्याचे थोड्या दिवसांचे आयुष्य निभावते. ब्रिटनमध्ये मे ते ऑगस्ट या काळात नर रात्री मादीच्या शोधात उडत असतात. मादी एके जागी बसून गंधाने त्यांना बोलावते. मीलनानंतर ती सालीच्या भेगांत शेकड्यांनी बारीक, फिकट हिरवी अंडी घालते. अंड्यातून निघालेली इवलीशी अळी रेशमाच्या तंतूला लोंबकळते आणि वारा नेईल तेथे जाते. ती भूर्जावर पडो, ओकवर वा वाळुंजावर, तिचे भागते.

या अळीची चाल पाहण्यासारखी असते. पुढच्या टोकाला पायांच्या तीन जोड्या, मागच्या टोकाला दोन, आणि मधले सारे अंग पायांवाचून. त्यामुळे पुढचा भाग टेकवून ती मागचा भाग ओढून घेते, पाठीची कमान होते, आणि पुन्हा पुढे पसरते. जणू वितीने जमीन मोजीत चालली आहे. या कुळाचे ‘जिऑमेट्रिडी’ म्हणजे ‘भूमापक’ हे नाव त्यावरूनच पडले. महाराष्ट्रातील सोयाबीनच्या शेतकऱ्याला ‘उंटअळी’ ठाऊक असते. ती निराळ्या कुळातील. परंतु कमान करण्याची रीत तीच.

अळी विसाव्याला थांबली की मागच्या पायांनी फांदी धरून अंग काठीसारखे ताठ बाहेर काढते. डोक्यावरची खाच कळीच्या टोकासारखी भासते. एवढेच नव्हे, तर ज्या डहाळीवर ती वाढते तिच्यासारखा हिरवा वा तपकिरी रंग हळूहळू धारण करते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संशोधकांनी अळ्यांचे डोळे काळ्या रंगाने लिंपून टाकले. तरीही त्यांचे रंग भोवतालच्या काड्यांशी जुळले. तेव्हा ही अळी रंग त्वचेनेही ओळखते असे मानावे लागते. पाठ्यपुस्तकांनी केवळ प्रौढ पतंगाचेच कौतुक करावे आणि या अळीकडे पाठ फिरवावी, हा तिच्यावर अन्यायच होय. शरद ऋतूत ती झाडावरून उतरून मातीत शिरते, कोषावस्थेत जाते आणि हिवाळा तेथेच काढते.

आता काळ्या पतंगाकडे वळू. १८४८ साली मँचेस्टर येथे एक पूर्ण काळा नमुना पकडला गेला. कारखान्यांच्या धुराने त्या भागातील झाडांवरचे शैवाक, म्हणजे आपल्या मसाल्यातील दगडफुलासारख्या वनस्पती, नष्ट झाले होते व साली काळवंडल्या होत्या. शतक संपण्याच्या सुमारास मँचेस्टरमधील बहुतेक सर्व मिरपुडी पतंग काळे झाले. पांढरे पतंग काळ्या सालीवर उठून दिसतात व पक्ष्यांच्या तोंडी पडतात, हे स्पष्टीकरण जे. डब्ल्यू. टट यांनी १८९६ मध्ये मांडले. पुढे १९५७ साली भारतात येऊन येथेच स्थायिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२४ मध्ये गणिताने दाखविले की, इतक्या वेगाने पसरण्यासाठी काळ्या पतंगाची संतती पांढऱ्याच्या सुमारे दीडपट टिकली पाहिजे.

प्रत्यक्ष प्रयोग बर्नार्ड केटलवेल यांनी केला. १९५३ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या रानात त्यांनी खुणा केलेले पतंग सोडले. त्यांतील काळे सुमारे २७ टक्के आणि पांढरे १३ टक्के परत सापडले. १९५५ मध्ये डॉर्सेटच्या स्वच्छ रानात हे प्रमाण उलटले. मात्र त्यांनी पतंग दिवसा, खोडांवर आणि दाटीने सोडले होते. ज्याला स्वतःची जागा निवडू दिली नाही, त्याच्या लपण्याविषयी अनुमान कसे काढावे? हा आक्षेप रास्त होता. केंब्रिजचे मायकेल मॅजरस यांनी स्वतः १९९८ च्या आपल्या पुस्तकात अशा त्रुटी नोंदविल्या. आणि विरोधकांनी त्यांचा अर्थ सारी कथाच खोटी असा लावला.

मॅजरस यांनी मग २००१ ते २००७ या काळात एका बागेत नव्याने काम केले. त्यांनी रात्री जाळीच्या आवरणात पतंगांना फांदीवर जागा निवडू दिली, पहाटे जाळी काढली, आणि काही तासांनी कोण उरले ते पाहिले. असे ४,८६४ पतंग त्यांनी सोडले. झाडांवर चढून त्यांनी आपण होऊन बसलेले १३५ पतंगही शोधले: निम्म्याहून अधिक फांद्यांवर होते, तर एक तृतीयांशाहून अधिक खोडांवर. म्हणजे जुनी चित्रे अपुरी होती, पण निराधार नव्हती. स्वच्छ झालेल्या हवेत पक्षी काळे पतंगच अधिक टिपत होते, आणि त्या काळात तेथील काळ्यांचे प्रमाण १२ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले. २००९ मध्ये मॅजरस निवर्तले. त्यांच्या नोंदी सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केल्या.

काळेपणाचे मूळ २०१६ मध्ये सापडले. ‘कॉर्टेक्स’ या जनुकात सुमारे बावीस हजार अक्षरांचा एक फिरता डीएनए-तुकडा येऊन बसला होता. ही घटना १८१९ च्या सुमारास घडली असावी असा संशोधकांचा हिशेब आहे. म्हणजे मँचेस्टरचा तो नमुना हाती लागला, तेव्हा काळे पतंग सुमारे तीस वर्षे कोणाच्या नजरेस न पडता रात्री उडत होते.