मोहोर बघताना आपण काय बघतो?

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण कांटपाशी थांबलो होतो. एखादी गोष्ट सुंदर वाटते तेव्हा ती आपल्या उपयोगाची आहे का, हा विचार मनात नसतो, असं तो म्हणतो. १७९० सालच्या ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’मध्ये त्यानं उदाहरण दिलंय ते फुलाचंच. फूल म्हणजे वनस्पतीचं जननेंद्रिय, हे वनस्पतिशास्त्रज्ञाला ठाऊक असतं. पण ‘हे सुंदर आहे’ असं म्हणताना तोही ते ज्ञान बाजूला ठेवतो.

हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. निवृत्तीनंतर एका फेब्रुवारीत आम्ही काही मित्र देवगडला आंब्याचा मोहोर बघायला गेलो. कातळावरच्या हापूसच्या बागा, सकाळची वेळ, तो गोडसर, किंचित उग्र वास. काही झाडांवर बारीक कैऱ्या धरल्या होत्या आणि त्याच फांद्यांवर पुन्हा ताजा मोहोर! मी बागायतदारांना म्हटलं, “नशीबवान आहात, दुसऱ्यांदा फुललंय!”

ते म्हणाले, “सर, वर काय बघतास? खाली बघा.”

खाली वाटाण्याएवढ्या, सुपारीएवढ्या कैऱ्यांचा सडा पडला होता.

आता हे नीट समजून घेऊ. हापूसला मोहोर यायला थंडी लागते. एकेका तुऱ्यावर शेकड्यांनी, कधी हजारांनी फुलं असतात. पण त्यांतली बरीचशी नुसती नर. ज्या फुलात स्त्री आणि पुरुष असे दोन्ही भाग असतात, त्यालाच फळ धरतं. त्यातून तुडतुडे रस शोषतात, ढगाळ दमट हवेत भुरी पडते. शंभर फुलांमागे एक आंबासुद्धा शेवटपर्यंत टिकत नाही. आणि थंडी लांबली, की फळं धरलेल्या फांदीवर पुन्हा मोहोर फुटतो. याला पुनर्मोहोर म्हणतात. झाडाचं अन्न नव्या मोहोराकडे वळतं आणि आधीची कैरी गळते. लवकर येणाऱ्या आंब्याला भाव चांगला. नेमका तोच हातचा जातो.

म्हणजे मी ज्याबद्दल अभिनंदन करत होतो, ते त्यांचं नुकसान होतं.

मग कांट चुकला का? मला तसं वाटत नाही. कारण थोड्या वेळानं तेच बागायतदार वर बघून म्हणाले, “वास मात्र बरो येता.” नुकसान सोसणाऱ्यालाही तो मोहोर सुंदर वाटत होता. सौंदर्य खोटं नव्हतं. चूक माझ्या दुसऱ्या वाक्यात होती. बघा, ‘हे सुंदर आहे’ हे एक विधान. ‘तुम्ही नशीबवान आहात’ हे अगदी वेगळं. पहिल्याला फक्त डोळे आणि मोकळं मन पुरतं. दुसरं कुणाच्या तरी आयुष्याबद्दल आहे; ते माहिती घेतल्याशिवाय करता येत नाही. मी पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारली. पाहुणा म्हणून गेलेला माणूस ही उडी फार सहज मारतो, बरं का!

तेव्हा मोहोर बघायला जरूर जा. मालकांना विचारून बागेत शिरा, तुरे तोडू नका. आधी मनसोक्त वर बघा. मग एकदा खाली बघा. आणि अभिनंदन करण्यापूर्वी विचारा, “यंदा कसं आहे?”