काळी मोरी ते उल्हासनगर

चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडून दिनशॉ वाच्छा रोडला लागलं की के. सी. आणि एच. आर. ही दोन कॉलेजं शेजारी शेजारी उभी दिसतात. दोघांच्याही पत्त्याची सुरुवात एकाच नावाने होते : विद्यासागर प्रिन्सिपल के. एम. कुंदनानी चौक. प्रवेशाच्या दिवसांत हा पत्ता हजारो मुलं अर्जावर आणि पाकिटावर लिहितात. पण कुंदनानी कोण, असं विचारलं तर बहुतेक जण ‘असतील कोणी देणगीदार’ एवढ्यावर विषय मिटवतात. ते देणगीदार नव्हते. देणगीदारांच्या दारात जाऊन उभे राहणारे मास्तर होते.

हेच नाव कर्जत लाइनवर, उल्हासनगरला पुन्हा भेटतं. तिथे त्यांच्या नावाचं फार्मसी पॉलिटेक्निक आहे आणि स्टेशनासमोर त्यांच्याच संस्थेचं ‘श्रीमती चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी कॉलेज’ आहे. एवढं लांब नाव कोणी घेत नाही. अंबरनाथ, बदलापूर, वांगणीकडच्या माणसाला ‘सीएचएम’ एवढं पुरतं. ‘आमचा मोठा सीएचएमला होता,’ असं या पट्ट्यातल्या अनेक मराठी घरांत ऐकायला मिळतं. सिंधमधून उठून आलेल्या एका प्राचार्याचा आपल्या घरातल्या पदवीशी थेट संबंध आहे, हे मात्र त्या घरांच्या गावीही नसतं. हा लेख त्या संबंधाबद्दल आहे.

सुरुवात सिंधमधल्या हैदराबादला होते. दख्खनचं हैदराबाद वेगळं, हे सिंधूकाठचं. तिथे १९१७ साली ॲनी बेझंट यांच्या प्रेरणेने एक राष्ट्रीय कॉलेज निघालं. पुढे त्याला दयाराम गिडुमल यांचं नाव मिळालं आणि ते ‘डी. जी. नॅशनल कॉलेज’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. गावातल्या काळी मोरी भागात ते होतं. दयाराम गिडुमल हे पेशाने न्यायाधीश आणि वृत्तीने सुधारक. बेहरामजी मलबारींच्या जोडीने त्यांनी १९०८ साली मुंबईत सेवासदन उभं केलं. सिंधी माणसं त्यांना ‘ऋषी दयाराम’ म्हणत. कॉलेज चालवणाऱ्या मंडळाचं नाव ‘हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड’. खुशीराम मोतीराम कुंदनानी या कॉलेजचे प्राचार्य होते.

मग फाळणी झाली. पंजाबसारखी कत्तल सिंधमध्ये झाली नाही, त्यामुळे बरेच हिंदू सुरुवातीला थांबून राहिले. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल पेटली आणि तो धीर सुटला. कराचीहून बोटी भरभरून माणसं मुंबई बंदराला लागू लागली. सरकारने त्यांतल्या अनेकांना कल्याणच्या पुढे, दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या लष्करी छावणीत पाठवलं. ‘कल्याण कॅम्प’ म्हणजे दोन हजारांवर बराकी. मधे लांब हॉल, दोन्ही टोकांना खोल्या. एका हॉलमध्ये तरटाचे आणि जुन्या साड्यांचे आडपडदे लावून अनेक कुटुंबं राहत. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या वस्तीच्या नगराची कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून तिला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळालं. पण लोकांच्या तोंडचे ‘कॅम्प’ काही गेले नाहीत. आजही रिक्षावाल्याला तीन नंबर, चार नंबर, पाच नंबर असंच सांगावं लागतं.

अशा वेळी पुढाऱ्याने काय मागावं? छप्पर, रेशन, पाण्याचा नळ, दुकानाचा गाळा. हे मागणारे पुढारी होते आणि ते हवेच होते. कुंदनानींनी कॉलेज मागितलं. बॅरिस्टर होतचंद गोपालदास अडवाणी आणि कुंदनानी या जोडीने हैदराबादचं बोर्ड मुंबईत पुन्हा उभं केलं आणि १९४९ साली वांद्र्याला नॅशनल कॉलेज सुरू झालं. ‘आर. डी. नॅशनल’ मधल्या आर. डी. चा उलगडा ‘ऋषी दयाराम’ असा होतो. हैदराबादला ज्यांचं नाव होतं त्यांचंच नाव लिंकिंग रोडवर लागलं.

दोन वर्षांत हे जमलं कसं? निर्धार, जिद्द वगैरे शब्द वापरून यातून सुटका करून घेता येते, पण त्यामागे दोन अगदी व्यावहारिक कारणं होती आणि ती फारशी सांगितली जात नाहीत.

पहिलं कारण विद्यापीठाचं. सिंध १९३६ साली मुंबई इलाख्यातून वेगळा झाला, तरी तिथली कॉलेजं मुंबई विद्यापीठालाच जोडलेली राहिली. सिंधचं स्वतःचं विद्यापीठ निघालं ते थेट १९४७ साली. म्हणजे हैदराबाद-कराचीच्या प्राध्यापकांच्या पदव्या मुंबईच्या, अभ्यासक्रम मुंबईचा, परीक्षेची पद्धत मुंबईची. संलग्नतेचा अर्ज कसा करायचा, प्रयोगशाळेला काय लागतं, ग्रंथालयाची अट काय, हे या प्राचार्यांना पाठ होतं. देश बदलला तरी त्यांचं विद्यापीठ तेच राहिलं. त्याच सुमारास कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या शिक्षकांनी १९४८ साली चर्चगेटला जयहिंद कॉलेज काढलं. विस्थापितांमधले हे मास्तर लोक मुंबईत परके होते, पण मुंबई विद्यापीठात नव्हते.

दुसरं कारण पैशाचं. हैदराबादच्या सिंधी समाजात दोन ठळक थर होते. आमिल म्हणजे शिकलेले, नोकरी-वकिलीतले. भाईबंद म्हणजे व्यापारी. भाईबंदांपैकी ‘सिंधवर्की’ म्हणवणारे व्यापारी एकोणिसाव्या शतकापासून सिंधची कलाकुसर विकायला देशोदेशी गेले आणि त्यांच्या पेढ्या आफ्रिकेपासून पूर्वेकडच्या बंदरांपर्यंत पसरल्या. फाळणीत त्यांच्या हवेल्या गेल्या, पेढ्या मात्र पाकिस्तानात नसल्यामुळे वाचल्या. ज्ञान आमिलांकडे होतं आणि रोकड भाईबंदांकडे. एरवी हे दोन थर एकमेकांशी सोयरीकसुद्धा जपून करत. कुंदनानींची खरी करामत म्हणजे त्यांनी या दोघांना एका संस्थेत आणलं. के. सी. म्हणजे किशिनचंद चेलाराम, एच. आर. म्हणजे हस्साराम रिझुमल. वरळीच्या तंत्रशिक्षण संस्थेला वाटुमल हे हवाईत व्यापार थाटलेल्या घराण्याचं नाव. के. सी. १९५४ चं, एच. आर. १९६० चं, सीएचएम १९६५ चं. पाच-सहा वर्षांनी एक कॉलेज, आणि जवळजवळ प्रत्येकावर एका शेठजींचं नाव.

मराठी वाचकाला इथे थोडं अडखळायला होतं. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट सांगतात. साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजचं नाव बदला, मोठी देणगी देतो, असं कोणी म्हणालं तेव्हा, वेळ पडली तर बापाचं नाव बदलीन पण कॉलेजचं बदलणार नाही, असं उत्तर भाऊरावांनी दिलं. ही गोष्ट ऐकत वाढलेल्याला नावं विकून उभी केलेली कॉलेजं जरा कमी प्रतीची वाटू शकतात. मला तसं वाटत नाही. भाऊरावांच्या मागे रयत होती, गावोगाव मूठमूठ धान्य देणारी. कुंदनानींच्या मागे गावच उरलं नव्हतं. ज्या समाजाची जमीन गेली, घरं गेली, देवळं गेली, त्या समाजातल्या माणसाला स्वतःचं नाव कुठेतरी दगडात कोरलेलं हवं असणं यात गैर काय? त्या गरजेचं कॉलेजात रूपांतर करणारा माणूस हुशार तर होताच, पण माणसं ओळखणाराही होता. स्वतःचं नाव त्यांनी मागे ठेवलं. संस्थेने १९७२ साली सुरू केलेल्या फार्मसी कॉलेजला ते मिळालं.

आता उल्हासनगरकडे येऊ, कारण आपला मुद्दा तिथे आहे.

साठच्या दशकातला कल्याणपलीकडचा पट्टा डोळ्यांसमोर आणा. अंबरनाथला आयुध निर्माणी आणि विम्कोची काडेपेटीची फॅक्टरी, पुढे एमआयडीसी. वालधुनी नदीच्या काठी १०६० सालचं शिवमंदिर आणि त्याच्या आसपास कामगारांच्या चाळी. बदलापूर तर भातशेतीचं गाव, स्टेशनाभोवती थोडी वस्ती. या घरांतला मुलगा अकरावी मॅट्रिक झाला की पुढे काय? ठाण्याचं बेडेकर आणि बांदोडकर ही कॉलेजं १९६९ ची. कल्याणचं बिर्ला कॉलेज १९७२ चं. त्याआधी शिकायचं तर दादर, माटुंगा किंवा त्याही पुढे. पहाटेची लोकल, डबा, पास, आणि मुलीच्या बाबतीत तर घरातूनच नकार. या चित्रात १९६१ साली तलरेजा कॉलेज उल्हासनगर तीनला निघालं आणि १९६५ साली सीएचएम. दोन्ही सिंधी संस्थांची. म्हणजे ठाणे आणि कल्याण या जुन्या, जाणत्या, मराठी शहरांत ही कॉलेजं निघण्याआधी निर्वासितांच्या छावणीत दोन कॉलेजं चालू होती. हे वाक्य आपण कल्याण-ठाण्याच्या लोकांनी दोनदा वाचायला हरकत नाही.

सीएचएम स्टेशनासमोर असणं हेही महत्त्वाचं. गाडीतून उतरलं की कॉलेज. बदलापूरहून तर दुसरंच स्टेशन. बाप फॅक्टरीत, पोरगी कॉलेजात आणि संध्याकाळच्या आत दोघं घरी, हे गणित या जागेमुळे बसलं. कॉलेज भाषिक अल्पसंख्याक संस्थेचं असल्याने सिंधी मुलांना राखीव जागा असतात, पण बाकीच्या बाकांवर कायम आपलीच मुलं दिसली : आगरी, कुणबी, कामगारांची, विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्यांची.

उल्हासनगरबद्दल मराठी माणसाच्या मनात मात्र दुसरीच प्रतिमा. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सगळ्यांनी केलाय. जीन्सचे कारखाने, फर्निचर, जपानी मार्केटचं कापड, वालधुनीचं रंगीत पाणी. यातलं खोटं काही नाही. वालधुनीची जी गत झाली तिला माफीही नाही. पण या यादीत कॉलेज कधी येत नाही, आणि त्याचं कारण आपल्या नजरेत आहे.

कुंदनानींच्या कामाला एक उणी बाजूही होती. या कॉलेजांचं माध्यम इंग्रजी. मुलांना नोकऱ्या मिळाल्या, परदेशी जाता आलं, व्यापार वाढला. पण सिंधी भाषा या दगदगीत मागे पडली. १० एप्रिल १९६७ ला ती आठव्या अनुसूचीत आली, तरी तिला स्वतःचं राज्य नव्हतं, आणि अरबी लिपी की देवनागरी हा वाद समाजात वर्षानुवर्षं चालला. ज्या भाषेसाठी कुठलंही सरकार बांधील नाही, तिला कॉलेजांनी अधिक आधार द्यायला हवा होता, असं मला वाटतं. समाजाला पदवी मिळवून देणाऱ्या पिढीला ते एकाच वेळी जमलं असतं का, हा प्रश्न मात्र घाईने निकालात काढू नये. आज मराठी शाळांचे वर्ग ओस पडताना पाहणाऱ्या आपल्याला तर तो अधिकारच नाही.

इतिहासाने यात एक चमत्कारिक जुळणी केली आहे. हैदराबादचं काळी मोरीचं कॉलेज फाळणीनंतर सरकारी झालं आणि २०१८ साली त्याचं विद्यापीठ झालं. इकडे मुंबईत के. सी., एच. आर. आणि बॉम्बे टीचर्स ट्रेनिंग कॉलेज मिळून २०२० साली ‘एचएसएनसी विद्यापीठ’ स्थापन झालं. एकाच कॉलेजच्या दोन फांद्या सीमेच्या दोन बाजूंना, दोन वर्षांच्या अंतराने विद्यापीठ झाल्या. मुंबईच्या त्या विद्यापीठाच्या नावातला पहिला ‘एच’ आणि ‘एस’ हे हैदराबाद आणि सिंध आहेत. उल्हासनगरचं सीएचएम या विद्यापीठात नाही.

प्राचार्यांच्या आठवणी आपल्याकडे बहुधा गौरवग्रंथात जातात आणि गौरवग्रंथ कपाटात. कॉलेजची जुनी वार्षिकं, पहिल्या तुकड्यांचे फोटो, प्रवेशाच्या पावत्या, गॅदरिंगच्या पत्रिका असं सगळं घरोघरी माळ्यावर पडलेलं असतं आणि घर रंगवायला काढलं की रद्दीत जातं. १९६५ च्या पहिल्या तुकडीतली मुलं आता पंच्याहत्तरी ओलांडून गेली आहेत. बदलापुरात श्याम जोशी यांनी उभारलेल्या ‘ग्रंथसखा’ वाचनालयात जुन्या मराठी छापील ऐवजाला जागा मिळते, हे या भागातले वाचक जाणतात. अंबरनाथ, बदलापूर, विठ्ठलवाडी, शहाड इथल्या ज्या वाचकांनी सीएचएममध्ये किंवा तलरेजात पहिल्या दहा वर्षांत शिक्षण घेतलं, त्यांनी या दिवाळीत दोन गोष्टी कराव्यात : माळ्यावरचे कागद टाकून देऊ नयेत, आणि तेव्हाच्या शिक्षकांबद्दल जे आठवतं ते तारखांसह, नावांसह, चार पानं का होईना, लिहून कॉलेजच्या ग्रंथालयात नेऊन द्यावं.