वांद्रे: समुद्राकाठचं सीमेवरचं गाव कसं पाहावं

आपल्या आदिलाबादचे पुष्कळ लोक वर्षातून एकदा तरी मुंबईला जातात. कुणाचा मुलगा तिथं नोकरीला असतो, कुणाचं दवाखान्याचं काम असतं. काम आटोपल्यावर एखादा दिवस हाती उरतो, तो बहुतेक जण गेटवे आणि राणीची बाग यांत घालवतात. मी गेली काही वर्षं हा दिवस वांद्र्याला देतो. नटनट्यांचे बंगले बघायला तिथं गर्दी होतेच. पण आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांना तिथं वेगळंच काही सापडतं. सभासदांनी विचारलं म्हणून हे टिपण.

खाडी आधी पाहावी

नंदीग्राम एक्सप्रेसनं दादरला उतरावं आणि पश्चिम रेल्वेची धीमी लोकल धरावी. माटुंगा रोड, माहीम आणि मग वांद्रे. माहीम सुटलं की गाडी पुलावर येते. खाली मिठी नदीची खाडी. वास येतो, पण खिडकीतून नीट बघून घ्या, कारण वांद्र्याचा सगळा इतिहास या पाण्यात आहे.

१६६१ च्या विवाहकरारानं मुंबई बेट इंग्रजांकडं गेलं. खाडीपलीकडची साष्टी, म्हणजे वांद्र्यापासून वरचा मुलूख, पोर्तुगीजांकडंच राहिली. १७३९ पर्यंत मराठ्यांनी ती पोर्तुगीजांकडून घेतली आणि १७७४ मध्ये ती इंग्रजांच्या हाती गेली. म्हणजे शंभरावर वर्षं ही खाडी दोन राज्यांची हद्द होती. पैनगंगेच्या अल्याड निजाम आणि पल्याड वऱ्हाड, हे आपण आजोबांकडून ऐकलंय. तोच प्रकार, फक्त पाणी खारं.

राज्य एक झालं तरी पाणी आडवंच होतं. लोक नावेनं जात. मग लेडी आवाबाई जमशेटजी जिजीभाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. त्यांची अट होती की जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली, तीही वांद्र्याला थांबत होती. या दोन गोष्टींनी गावाचं उपनगर केलं.

हद्द मात्र आजही पुसलेली नाही. वांद्र्याची ऑटोरिक्षा खाडी ओलांडत नाही. पुढं माहीमपासून टॅक्सीच. १९९० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला, त्याचं मुख्यालयही वांद्र्यालाच.

किल्ला

स्टेशनच्या पश्चिमेला उतरून बेस्टची बस किंवा रिक्षा करून बॅंडस्टॅंडच्या टोकाला जावं. तिथं पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधलेला किल्ला आहे. आग्वाद म्हणजे पाणी भरून घ्यायची जागा. जहाजांना इथं गोडं पाणी मिळे. मराठे येणार अशी चिन्हं दिसू लागली, तेव्हा किल्ला त्यांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनी त्याचा काही भाग पाडला. आज तटाचे तुकडे आणि एक दरवाजा उरलाय. तटावर उभं राहिलं की माहीमचा उपसागर समोर येतो आणि पहारा इथंच का, ते सांगावं लागत नाही. शेजारून २००९ चा सागरी सेतू निघतो. त्याच पाण्यावरचा हा पुढचा पूल.

मोत माउली

किल्ल्यापासून टेकडी चढली की माउंट मेरीचं चर्च. सध्याची इमारत १९०४ ची. कोळी लोक तिला मोत माउली म्हणतात. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. मेणाचे हात, पाय, घरं विकत घेऊन लोक नवस फेडतात, त्यात हिंदू, मुसलमान, पारशी सगळे. केसलापूरची नागोबाची जत्रा मेस्रामांची, पण जातो सगळा जिल्हा; तसंच हे.

रनवार आणि चिंबई

माझ्या दृष्टीनं दिवसाचा मोठा भाग इथं द्यावा. हिल रोडच्या आतल्या गल्लीत रनवार हे जुनं गावठाण आहे. उतरत्या कौलांची घरं, बाहेरून लाकडी जिना, पुढं पडवी, नाक्यावर क्रूस. वांद्र्यातले पुष्कळ क्रूस १८९६ च्या प्लेगनंतर उभे राहिले. पुढं समुद्राला लागून चिंबई, कोळ्यांची वस्ती. वाटेत सेंट अँड्र्यूज चर्च लागतं.

इथले मूळचे ख्रिस्ती लोक घरात मराठीच बोलत आले. १८८७ मध्ये त्यांनी स्वतःला ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. त्यांच्या मराठीत पोर्तुगीज शब्द भरपूर, आणि त्यांतले काही तर आपल्या घरापर्यंत पोचलेत: चावी, बादली, पगार, पाव. समुद्र न पाहिलेली आपली आजीसुद्धा चावीच म्हणायची!

आपल्या बेला, जैनथ भागात घरात मराठी आणि कचेरीत तेलुगू. १९५६ मध्ये हैदराबाद संस्थानाच्या मुलखाची वाटणी झाली, किनवट आणि राजुरा तिकडं गेले, आपण इकडं राहिलो. भाषा मात्र तीच राहिली. रनवारच्या पडवीत दोन म्हाताऱ्या बोलत असतील तर क्षणभर थांबून ऐका. राज्यं बदलली तरी घरातली भाषा कशी टिकते, ते कानाला कळतं. मात्र जुन्या घरांच्या जागी इमारती येताहेत. घरं गेली की पडवीही जाते, आणि बोलणं पडवीतच होत असतं.

जाताना एवढं लक्षात ठेवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. सकाळी गावठाण, दुपारी चर्च, चारनंतर किल्ला, आणि सूर्यास्ताला कार्टर रोड. बॅंडस्टॅंडच्या खडकांवर उतरण्याचा मोह टाळा. भरती-ओहोटी साधारण सहा-सहा तासांनी बदलते. आत्ता कोरडा दिसणारा खडक थोड्या वेळात पाण्याखाली जातो. पावसाळ्यात तर जवळही जाऊ नये. कुंटाल्याच्या धबधब्याशी आपण जसे जपून वागतो, तसंच इथं. गावठाणात लोक राहतात, तेव्हा फोटो विचारूनच काढावा.

परत आल्यावर एक काम करावं, अशी माझी विनंती आहे. महामार्गावरचा पूल होण्याआधी पाटणबोरीकडं जायला पैनगंगा कुठं आणि कशी ओलांडत, हे आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणा. वांद्र्याच्या खाडीची हकिकत कुणीतरी लिहून ठेवली, म्हणून आज आपल्याला सांगता येते.