मालिका बंद, सिनेमा चालू!

वाहिनीने मालिका बंद केली की लेखक काय करतात? बहुतेक जण दुसरं काम शोधतात. 'फ्युचरामा' या कार्टून मालिकेच्या लेखकांनी वाहिनीच्या साहेबांना दळून काढलं.

२००७ सालच्या 'बेंडर्स बिग स्कोअर' या त्यांच्या सिनेमाच्या सुरुवातीलाच प्रोफेसर फार्न्सवर्थ आपल्या माणसांना बातमी देतो. 'बॉक्स' नेटवर्कने आपली कंपनी बंद पाडली होती. पण ज्या बिनडोक अधिकाऱ्यांनी हा निर्णय घेतला, त्यांना आधी नोकरीवरून हाकललं, मग बदडलं, मग मारलं आणि शेवटी दळून त्यांची गुलाबी पावडर केली! पावडर डब्यात भरून तयार, नाव 'टोर्गोज एक्झिक्युटिव्ह पावडर'. खऱ्या आयुष्यात मालिका थांबवली होती 'फॉक्स'ने, २००३ साली. एक अक्षर बदलण्यापलीकडे लेखकांनी आडपडदा ठेवला नाही. आणि यातली खरी गंमत अशी की या सिनेमाची डीव्हीडी बाजारात आणली फॉक्सच्याच होम व्हिडिओ कंपनीने. आपल्याच साहेबांची पावडर आपल्याच दुकानात.

कार्टून मालिकेवरच्या सिनेमाला 'लांबवलेला एपिसोड' म्हणून हिणवायची रीत आहे. ते अगदीच खोटं नाही. पण विज्ञानकथा आणि विनोद यांचं मिश्रण असलेल्या मालिकांचे सिनेमे बघत गेलं की लक्षात येतं, इथे सिनेमा हा बऱ्याचदा जुने हिशेब चुकते करायला काढलेला असतो. कधी वाहिनीशी, कधी प्रेक्षकांशी, कधी स्वतःच लिहिलेल्या एखाद्या रडक्या शेवटाशी.

चार सिनेमे की सोळा भाग?

ज्यांनी 'फ्युचरामा' पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : न्यूयॉर्कमध्ये पिझ्झा पोचवणारा फ्राय ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री चुकून गोठतो आणि हजार वर्षांनी जागा होतो. तिथे त्याला भेटतात एका डोळ्याची लीला आणि दारूवर चालणारा चोरटा रोबो बेंडर. मालिका बंद पडल्यावर रात्री उशिराच्या पुनःप्रक्षेपणाला प्रेक्षक मिळत राहिले, डीव्हीडी खपल्या, आणि थेट डीव्हीडीवर चार सिनेमे काढायचं ठरलं. नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००९ एवढ्यात चारही आले.

यात एक व्यापारी मेख होती. प्रत्येक सिनेमाचे पुढे चार तुकडे करून ते 'कॉमेडी सेंट्रल'वर दाखवायचे होते. म्हणजे एका हाताने सिनेमा आणि दुसऱ्या हाताने सोळा भागांचा अख्खा सीझन! त्यामुळे हे सिनेमे बघताना दर वीस-बावीस मिनिटांनी कथा अचानक काट्यावर येऊन उभी राहते. दिग्दर्शकाला धाप लागलेली नसते, तिथे कात्री लावायची असते एवढंच. दुसऱ्या सिनेमात तर हे सांधे चांगलेच दिसतात.

रामानुजन यांची टॅक्सी, हजार वर्षांनी

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. आजारी रामानुजन यांना भेटायला प्राध्यापक हार्डी टॅक्सीने आले, टॅक्सीचा नंबर १७२९ अगदीच नीरस आहे म्हणाले, आणि रामानुजन यांनी पडल्या पडल्या सांगितलं की छे, दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येणारी ही सर्वांत लहान संख्या आहे. हा किस्सा शाळेत बहुतेकांनी ऐकलेला असतो. 'फ्युचरामा'च्या लेखकांनी तो ऐकून सोडला नाही. बेंडरला त्याला बनवणाऱ्या यंत्राकडून नाताळचं कार्ड येतं, त्यावर तो 'मुलगा क्रमांक १७२९'. मालिकेतल्या 'निंबस' या अंतराळयानाच्या अंगावर १७२९. समांतर विश्वांच्या भागात एका विश्वाचा नंबर तोच.

'बेंडर्स बिग स्कोअर'मध्ये ते पुढची पायरी चढले. तिथे एक टॅक्सी येते, तिच्या टपावर आकडा असतो ८७५३९३१९. प्रेक्षक तिकडे बघतही नाही. पण दोन घनांची बेरीज म्हणून तीन प्रकारे लिहिता येणारी सर्वांत लहान संख्या हीच! १६७ आणि ४३६, किंवा २२८ आणि ४२३, नाहीतर २५५ आणि ४१४. कुठलीही जोडी घ्या, दोघांचे घन करून मिळवा, उत्तर तेच. (शंका असेल तर फोनमधला कॅल्क्युलेटर आहेच. मी करून पाहिलं, जुळतं.)

असल्या उचापती करणारी माणसंही तशीच होती. या सिनेमाचा पटकथाकार केन कीलर हा हार्वर्डचा उपयोजित गणितातला पीएच.डी. मालिकेची धुरा वाहणारा डेव्हिड एक्स. कोहेन हार्वर्डला भौतिकशास्त्र आणि बर्कलीला संगणकशास्त्र शिकलेला. या मंडळींनी पुढे २०१० च्या एका भागासाठी चक्क नवं प्रमेय सिद्ध केलं, ते कीलरनेच. विनोदी कार्टूनच्या लेखकांच्या खोलीत फळ्यावर प्रमेय, असं चित्र आपल्याकडे दिसायला अजून वेळ आहे.

कुत्र्याचं देणं

२००२ च्या 'जुरासिक बार्क' या भागाने प्रेक्षकांना धाय मोकलून रडवलं होतं. फ्रायचा कुत्रा सीमूर, मालक गोठून गेल्यावर, पिझ्झाच्या दुकानाबाहेर वर्षानुवर्षं त्याची वाट बघत बसतो आणि म्हातारा होऊन डोळे मिटतो. विनोदी मालिका म्हणून लावलेला भाग असा संपल्यावर लोकांनी लेखकांना काय काय म्हटलं असेल ते सांगायला नको.

पाच वर्षांनी 'बेंडर्स बिग स्कोअर'ने हे देणं फेडलं. कालप्रवासात फ्रायची एक दुसरी प्रत तयार होते. ती मागे विसाव्या शतकाच्या टोकाला जाऊन पोचते, त्याच दुकानाच्या वर राहते आणि सीमूरला सांभाळते. म्हणजे कुत्रा मालकाविना झुरला नव्हताच! शोकांतिका खोडून काढायची, पण जुन्या भागातला एकही प्रसंग खोटा पाडायचा नाही, हे काम भल्याभल्यांना जमत नाही. आणि या सगळ्या कालप्रवासाचं गुपित कुठे लिहिलेलं असतं? फ्रायच्या ढुंगणावर, गोंदणात, शून्य-एकच्या भाषेत. शोकरसाला एवढा उतारा हवाच.

या कथेतले खलनायक म्हणजे फसव्या ई-मेलवर माणसांना लुबाडणारे परग्रहावरचे नागडे ठग. सिनेमा २००७ चा. केवायसी आणि लॉटरीच्या मेसेजांच्या आजच्या जमान्यात तो जास्तच ओळखीचा वाटतो.

पाहुणे मंडळी

अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर या सिनेमात स्वतःच्याच आवाजात आहेत. वशिला घरचाच होता : त्यांची मुलगी क्रिस्टिन मालिकेच्या लेखकांपैकी एक. पण व्यवहार एकतर्फी नव्हता. गोर यांनी हवामानबदलावरच्या २००६ च्या आपल्या गंभीर माहितीपटात 'फ्युचरामा'चाच एक तुकडा वापरला होता, ज्यात पृथ्वी थंड ठेवायला समुद्रात अधूनमधून भला मोठा बर्फाचा गोळा टाकतात.

दुसऱ्या सिनेमात, म्हणजे 'द बीस्ट विथ अ बिलियन बॅक्स'मध्ये, स्टीफन हॉकिंग आहेत. तिसरा 'बेंडर्स गेम' हा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचा सहनिर्माता गॅरी गायगॅक्स याला अर्पण केलेला आहे. गायगॅक्स हा सिनेमा येण्याच्या काही महिने आधी, मार्च २००८ मध्ये वारला. त्याने आणि हॉकिंग यांनी २००० सालच्या एकाच भागात स्वतःचे आवाज दिले होते. एका कार्टूनच्या एका भागात हे दोघं! पहिल्या सिनेमाच्या डीव्हीडीवर आणखी एक प्रसाद आहे : 'एव्हरीबडी लव्हज हिप्नोटोड' या काल्पनिक मालिकेचा पूर्ण बावीस मिनिटांचा भाग. त्यात एक बेडूक डोळे फिरवत तुमच्याकडे बघतो आणि घूंऽऽ असा आवाज येत राहतो. घरच्यांना दाखवायच्या आधी विचार करा.

चौथ्या सिनेमाच्या वेळी पुढे मालिका असेल की नाही याचा पत्ता नव्हता. म्हणून सगळ्यांना यानात घालून एका कृमिविवरात सोडून दिलं. आले परत तर आले! आले, २०१० मध्ये. पुन्हा बंद २०१३ मध्ये. पुन्हा चालू २०२३ मध्ये.

आवाजांची अदलाबदल

'जेटसन्स' ही १९६२ ची मालिका, मूळ भाग फक्त २४. मोठ्या पडद्यावरचा 'जेटसन्स : द मूव्ही' आला १९९० मध्ये, आणि तोवर आवाज देणारे कलाकार थकले होते. जॉर्ज जेटसनचा आवाज असलेले जॉर्ज ओहॅनलन आणि त्याच्या खडूस साहेबाचा आवाज असलेले मेल ब्लँक, दोघंही १९८९ मध्ये सिनेमा पुरा होण्याआधीच गेले. राहिलेले संवाद दुसऱ्या कलाकाराने भरले. सिनेमा दोघांना अर्पण आहे. तिसरी गोष्ट मात्र दैवाची नव्हे, धंद्याची. जॉर्जची मुलगी जूडी हिचा आवाज पहिल्यापासून जॅनेट वॉल्डो यांचा. त्यांनी सिनेमासाठीही रेकॉर्डिंग केलं होतं. ते काढून तिथे टिफनी ही तेव्हाची लोकप्रिय पॉप गायिका आणली, तरुण पोरं थिएटरात यावीत म्हणून. असले हिशेब सहसा जुळत नाहीत.

बझ लाइटइयरच्या नशिबी याच्या उलट : एक पात्र, तीन गळे. २००० साली त्याच्या मालिकेच्या आधी आलेल्या व्हिडिओ-सिनेमात 'टॉय स्टोरी'चाच टिम ॲलन, मालिकेत पॅट्रिक वॉरबर्टन, २०२२ च्या 'लाइटइयर'मध्ये ख्रिस इव्हान्स.

'जिमी न्यूट्रॉन'ने तर क्रमच फिरवला. सिनेमा डिसेंबर २००१ मध्ये आला, नियमित मालिका त्यानंतर. परग्रहवासी सगळ्या आईबापांना पळवून नेतात आणि पोरं जत्रेतल्या पाळण्यांची अंतराळयानं करून त्यांच्या मागे जातात. टेक्सासमधल्या एका छोट्या स्टुडिओने बाजारात सहज मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला हा सिनेमा सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाच्या पहिल्यावहिल्या ऑस्करच्या शर्यतीत होता. समोर 'श्रेक' आणि 'मॉन्स्टर्स, इंक.' 'श्रेक' जिंकला, पण यादीत नावं तीनच होती.

जाहिरात की बॉम्ब?

३१ जानेवारी २००७. बॉस्टन शहरात पुलांखाली आणि रस्त्यांवर दिव्यांचे चौकोनी बोर्ड सापडले, मागे तारा आणि बॅटऱ्या. पोलीस धावले, बॉम्बशोधक पथकं आली, रस्ते, पूल, नदीतली वाहतूक बंद. शेवटी उलगडा झाला : ती 'ॲक्वा टीन हंगर फोर्स' या कार्टूनच्या सिनेमाची जाहिरात होती आणि बोर्डावरचा उद्धट प्राणी हा त्यातला चंद्रवासी. त्याचं मधलं बोट वर केलेलं होतं, त्यामुळे अधिकाऱ्यांचा राग आणखी चढला असणार. हेच बोर्ड आणखी नऊ शहरांत लावलेले होते, तिथे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं! कंपनीला वीस लाख डॉलर मोजावे लागले आणि 'कार्टून नेटवर्क'च्या प्रमुखांनी राजीनामा दिला. सिनेमाचं बजेट? साधारण साडेसात लाख डॉलर. जाहिरातीचा दंड सिनेमापेक्षा महाग.

एवढं होऊनही खोड गेली नाही. प्रदर्शनाच्या आधी, एक एप्रिलला, वाहिनीने हा सिनेमा फुकट दाखवला : पडद्याच्या कोपऱ्यात, काडेपेटीएवढ्या चौकटीत, आवाज बंद करून.

जपानी पोरांची पैज

जपानमध्ये 'उरुसेई यात्सुरा' ही वाघाच्या कातड्याची बिकिनी घालून उडणाऱ्या परग्रहकन्येची धमाल मालिका. तिचा १९८४ चा दुसरा सिनेमा 'ब्यूटिफुल ड्रीमर' दिग्दर्शक मामोरू ओशीने पार वेगळ्याच वाटेला नेला. शाळेच्या महोत्सवाचा आदला दिवस पुन्हा पुन्हा उगवत राहतो आणि ते आधी कुणाच्या लक्षातच येत नाही. हॉलिवूडचा 'ग्राउंडहॉग डे' यानंतर नऊ वर्षांनी आला. ओशीने पुढे 'घोस्ट इन द शेल' केला, आणि तो बघून 'मॅट्रिक्स'वाल्यांना काय सुचलं ते जगाला ठाऊक आहे. इथे उल्लेख केलेल्या सगळ्या सिनेमांतून एकच बघायचा असेल तर मी याचं नाव घेईन.

पण आपल्या घरांतला खरा मानकरी डोरेमॉन. मराठी घरांतल्या एका पिढीचं हिंदी शाळेपेक्षा त्याच्या दोस्ताने, नोबिताने जास्त घडवलं. हा निळा बोका मुळात बाविसाव्या शतकातला यंत्रमानव, म्हणजे मालिका अस्सल विज्ञानविनोदी. त्याची उंची १२९.३ सेंटिमीटर, वजन १२९.३ किलो, उंदीर बघून पळायचा वेग ताशी १२९.३ किलोमीटर. ती उंची तेव्हाच्या जपानी चौथीतल्या मुलांची सरासरी उंची होती, म्हणजे बघणाऱ्या पोराला डोरेमॉन आपल्याच खांद्याला खांदा लावून उभा दिसावा. १९८० पासून त्याचा जवळजवळ दर वर्षी एक सिनेमा येतो. २००५ साल मात्र कोरडं गेलं, तेव्हा सगळे आवाज बदलत होते. सिनेमात जियान अचानक जिवाला जीव देणारा मित्र होतो आणि मालिकेत परतल्यावर पुन्हा नोबिताला बुकलतो, हे डोरेमॉनच्या भक्तांना कधीच खटकत नाही.

पहिला सिनेमा 'नोबिताचा डायनासोर'. नोबिताचा मित्र सुनिओ जीवाश्म दाखवून मिरवतो, तेव्हा चिडलेला नोबिता बोलून जातो : मी अख्खा डायनासोर शोधून दाखवीन, नाहीतर नाकाने स्पॅगेटी खाईन! मग त्याला अंडं सापडतं, डोरेमॉनच्या युक्तीने ते उबतं आणि पिसुके जन्मतो. पिसुकेची जात कल्पनेतली नव्हती. १९६८ साली तादाशी सुझुकी या शाळकरी मुलाला फुकुशिमात त्या प्राण्याची हाडं खरोखरच सापडली होती. शास्त्रज्ञांनी त्याला 'फुताबासॉरस सुझुकी' हे अधिकृत नाव दिलं ते थेट २००६ मध्ये, आणि योगायोग असा की त्याच वर्षी हा सिनेमा नव्याने बनून पुन्हा थिएटरात लागला होता.

फक्त एक अडचण आहे. फुताबासॉरस हा समुद्रात राहणारा, लांब मानेचा प्लेसिओसॉर. तो डायनासोर नव्हेच. म्हणजे शास्त्राच्या हिशेबाने नोबिता पैज हरलेला आहे, आणि स्पॅगेटी त्याच्याकडे अजून बाकी आहे.