परदेशी कोण, हे कसे ठरते?

समजा, विक्रोळी पार्कसाइटच्या चाळीतल्या एका माणसावर पोलिसांनी आरोप ठेवला, की तू परदेशी आहेस आणि चोरून भारतात आला आहेस. हा खटला विक्रोळीच्याच न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालू शकतो. शिक्षा झाली तर ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. त्यापुढे उच्च न्यायालय आहे. पण अपिलात नेमके काय पाहतात?

पहिला प्रश्न असतो, सिद्ध कोणी करायचे? चोरीच्या खटल्यात गुन्हा सरकारपक्षाने सिद्ध करायचा असतो. इथे उलटे आहे. आपण परदेशी नाही, हे त्या माणसानेच दाखवायचे, असे १९४६ च्या कायद्याचे कलम ९ सांगत असे. त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यानेही हे तत्त्व कायम ठेवले आहे. आपला जन्म कुठला, आईवडील कोण, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते, असा त्यामागचा विचार.

मग पोलिसांनी नुसते बोट दाखवले की झाले का? नाही. आसामातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये बजावले, की संशयाला आधी काहीतरी ठोस आधार हवा. नावाच्या स्पेलिंगमधल्या किंवा तारखांमधल्या किरकोळ फरकावरून कोणाला परदेशी ठरवता येत नाही.

दुसरी बाजूही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातल्या एका आरोपीला जामीन नाकारताना मुंबई उच्च न्यायालय म्हणाले, की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असले म्हणजे माणूस आपोआप नागरिक होत नाही. ते १९५५ च्या नागरिकत्व कायद्यावरून ठरते. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस, थोडे अपवाद सोडले तर, जन्मानेच नागरिक. त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत आईवडिलांचे नागरिकत्वही पाहतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. वरचे न्यायालय मुख्यतः खालच्या न्यायालयात दाखल झालेले कागदच वाचते. नवा पुरावा अपिलात सहजासहजी घेत नाहीत. म्हणून महापालिकेचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आईवडिलांची कागदपत्रे विक्रोळीतच, पहिल्या न्यायालयापुढे यायला हवीत. वकील परवडत नसेल, तर कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. तो पहिल्याच दिवशी मागावा. अपिलापर्यंत थांबू नये.