गोचीड लहान, ताप महान

एखादा माणूस पिच्छा सोडेनासा झाला की आपण चटकन म्हणतो, ‘मेला गोचिडीसारखा चिकटलाय!’ गोचीड आपल्याला माहीत असते ती अशी बोलण्यातली, नाहीतर गाईच्या कानातली आणि कुत्र्याच्या पंजातली. ती माणसाच्याही अंगावर चढते आणि कधीकधी जिवावर बेतणारा ताप देऊन जाते, हे मात्र आपल्या गावीही नसतं.

तुम्ही म्हणाल, न्हावा शेव्याला राहून ही बाई गोचिडीवर काय लिहितेय? तिथे तर जिकडे बघावं तिकडे कंटेनर! खरं आहे. १९८९ साली इथे बंदर सुरू झालं आणि भातखाचरं, मिठागरं मागे हटली. पण आमच्या शेजारीपाजारी सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळकडची मंडळी भरपूर. मे महिना आला की मुलाबाळांना घेऊन सगळी गावी निघतात. काजू, करवंदं, आंबे, रानात भटकणं. आणि नेमका तोच काळ माकडतापाचा असतो.

या तापाचं जंगल कर्नाटकातलं. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली, पाठोपाठ माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी त्याचा विषाणू शोधून काढला. पुढे हा ताप सरकत सरकत आपल्या दारात आला. २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात काजूच्या बागांमध्ये राबणाऱ्यांना त्याने गाठलं. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात रुग्ण सापडले, आणि त्यानंतर बांद्याच्या परिसरात.

हा ताप एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. तो देते ती गोचीड, तीही गोठ्यात दिसणारी टम्म फुगलेली नव्हे. तिचं पिल्लू तिळाएवढं, कधी त्याहून बारीक. डिसेंबरपासून मे-जूनपर्यंत ही पिल्लं पाचोळ्यात दबा धरून असतात. चावताना दुखत नाही, खाजतही नाही. म्हणून तर कळत नाही.

आता विचार करा, पाचोळ्यात हात कोण घालतं? काजूच्या बिया वेचायला खाली वाकते ती बाई. गोठ्यासाठी, राबासाठी पातेरा गोळा करते ती बाई. सरपणाची मोळी डोक्यावर घेते तीही बाईच. दमून सावलीत पाचोळ्यावर टेकायचं, घरी आलं की तशीच चूल पेटवायची. स्वतःच्या अंगाकडे बघायला सवड कुणाला असते? आणि बघायचं म्हटलं तरी चारचौघांच्या घरात आडोसा कुठे असतो? माझं म्हणणं एवढंच आहे, की ही पाच मिनिटं स्वतःसाठी काढा. यावरची जुनी लस पुरेसा उपयोग होत नाही म्हणून कर्नाटकाने २०२२ साली बंद केली, नव्या लशीवर काम सुरू झालं. पण गोचीड अंगाला लागूच न देणं हा उपाय आपल्या हातातला आहे.

रानात जाताना साडीच्या आत जुनी सलवार किंवा लेगिंग घाला, तिचे पाय मोज्यांत खोचा. वरून नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. आपल्या शेतातल्या बायका असाच शर्ट घालतात, त्यात लाजायचं काय? कपडा फिका असला तर काळा ठिपका लगेच नजरेत भरतो. उघड्या अंगाला लावायचं ‘डेपा’ नावाचं तेल मिळतं. संरक्षण खात्याच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने ते तयार केलं आहे. त्याची चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जरूर करा. पाचोळ्यावर थेट बसू नका, खाली प्लॅस्टिकची ताडपत्री घाला.

घरी आल्यावर आधी कपडे उतरवून गरम पाण्यात साबणाने भिजवा. मग साबण लावून आंघोळ, आणि आंघोळीतच अंग तपासायचं. गोचिडीला घट्ट, दमट जागा आवडते. परकराच्या नाडीखाली, ब्राच्या पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत. पाठ आपली आपल्याला दिसत नाही, ती लेकीला नाहीतर जावेला दाखवा. मुलांची मानगूट आणि केसही बघा.

सापडलीच तर? रॉकेल, चुना, पेटती काडी यातलं काहीही नको. तिला डिवचलं तर ती पोटातला ऐवज आपल्याच रक्तात ओकण्याची भीती असते. नखांनी चिरडायचीही नाही. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरायची आणि न पिळता, सावकाश, सरळ वर ओढायची. जागा साबणाने धुवायची, गोचीड चिकटपट्टीत गुंडाळून टाकायची. आणि एक काम विसरू नका. भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेला खूण करून ठेवा.

ही खूण का, ते सांगते. माकडताप साधारण तीन ते आठ दिवसांत उमटतो. एकदम जोराचा ताप, कपाळ फोडून काढणारी डोकेदुखी, अंग ठेचल्यासारखं दुखणं, उलट्या, काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त. यावर खास औषध नाही, पण दवाखान्यात वेळेवर पोहोचलं तर बहुतेक रुग्ण सावरतात. शंभरातले तीन ते पाच दगावतात. म्हणून अंगदुखीची गोळी मनाने घेऊन चार दिवस काढू नका. ॲस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांना आपणहून सांगा, ‘अमुक तारखेला रानात गेले होते, गोचीड चावली होती.’ मुंबई-पनवेलच्या डॉक्टरांना तुम्ही मे महिन्यात काजूच्या बागेत होता हे स्वप्नात दिसणार नाही! मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

कोकणात जाणं नसेल त्यांनीही गाफील राहू नये. कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडीनेही ताप येतो, अंगावर पुरळ उठतं. गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस २०१८ साली नागपूर-विदर्भात बराच पसरला होता. चावल्या जागी विडीचा चटका बसावा तशी काळी खपली ही त्याची खूण. या दोन्हींवर डॉक्टरांकडे चांगली औषधं आहेत, फक्त उशीर नको.

लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघालेल्या आज्यांसाठीही एक सूचना. तिकडे हरणांवरच्या गोचिडीमुळे लाइम नावाचा आजार होतो. चावल्या जागी लाल वर्तुळ हळूहळू मोठं होत गेलं तर लगेच डॉक्टर गाठा. मागच्या अंगणातल्या उंच गवतात नातवाला खेळवून आणलंत, की तिथेही तीच पाच मिनिटांची तपासणी.

गाईच्या अंगावरच्या गोचिडी आपण किती मायेने काढतो, नाही? तेवढीच माया आता स्वतःच्या अंगावरही करू या.