कारागीर परत का आला नाही?

इंदूर शहर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना राजवाड्याजवळचा सराफा बाजार सांगावयास नको. दिवसा तेथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री सराफ आपली दुकाने बंद करून घरी गेले, म्हणजे त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडे आणि जिलब्या यांची दुकाने मांडली जातात व मध्यरात्र उलटून गेली तरी माणसांची वर्दळ हटत नाही.

२५ मार्च २०२० रोजी, म्हणजे देवदूताने पवित्र मारियेला निरोप दिला त्या सणाच्या दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि हा बाजार दिवसाही मुका झाला व रात्रीही. मध्यप्रदेशात कोरोनाच्या साथीचा सर्वांत मोठा तडाखा इंदूरलाच बसला होता. पुढे महिन्यांनी दुकाने हळूहळू उघडली. काहींच्या दारांवरील कुलुपे मात्र तशीच राहिली. जी उघडली, त्यांतल्या पुष्कळांच्या माडीवर ऐरणी होत्या, भट्ट्या होत्या, फुंकण्या होत्या, परंतु त्यांच्यापुढे बसणारा माणूस नव्हता. दागिने घडविणारे कित्येक कारागीर दूर बंगालमधून आलेले, ते आपल्या गावी निघून गेले होते. इंदूरजवळच्या पिथमपूर येथील कारखान्यांतही हीच तक्रार ऐकू येई की, यंत्रे आहेत, मागणी आहे, हात नाहीत.

त्यानंतर काही काळाने आमचे इंदूरला जाणे झाले, तेव्हा एका वृद्ध व्यापाऱ्याशी बोलणे निघाले. त्यांच्याकडे एक कारागीर अकरा वर्षे काम करीत होता. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात तो आपली थकलेली मजुरी मागावयास आला. व्यापारी म्हणाले, "बाजार उघडू दे, मग पाहू." तो काही न बोलता गेला. बाजार उघडल्यावर यांनी तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा उत्तर एकच: "सेठजी, इकडेच बरे आहे." शेजारच्या सराफाने मात्र आपल्या चार कारागिरांस दोन महिने दुकानाच्या माडीवर ठेवून घेतले, पीठतांदूळ पुरविले आणि गाडी सुटताच हाती मजुरी देऊन त्यांस गावी धाडले. दिवाळीपूर्वी चौघेही परतले. हे सांगून ते वृद्ध गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फादर, नऊ हजार रुपये होते त्याचे माझ्याकडे. तेवढे मी देऊ शकलो असतो."

वाचकहो, आम्ही त्या व्यापाऱ्यास दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांच्याही डोक्यावर दुकानभाडे होते, कर्जाचा हप्ता होता. शिवाय कामगार न परतण्याचे हे एकच कारण नव्हे. कोणी आजाराने दगावला, कोणास घरची माणसे सोडवेनात, कोणास गावातच काम मिळाले. २०२०-२१ या एका वर्षात देशात ११ कोटींहून अधिक लोकांनी रोजगार हमीच्या कामावर मजुरी केली. परंतु मजुरांची टंचाई ही केवळ माणसांची टंचाई नव्हती, ती विश्वासाचीही टंचाई होती, हे त्या वृद्धांच्या बोलण्यावरून आमच्या ध्यानात आले.

हा विश्वास कसा उडाला, ते आपल्या डोळ्यांपुढे घडले आहे. मुंबईहून उत्तरेकडे जाणारा आग्रा रोड इंदूरवरूनच जातो. २०२० च्या मे महिन्यात त्या रस्त्याने महाराष्ट्रातून निघालेली कुटुंबे डोक्यावर बोचकी घेऊन चालत होती. सरकारने १ मे रोजी, कामकरी संत योसेफाच्या सणाच्या दिवशी, श्रमिकांसाठी पहिली खास रेल्वे सोडली व पुढे अशा गाड्यांतून ६३ लाखांवर लोक घरी पोचले. तथापि सर्वांस गाडी लाभली नाही. ८ मे रोजी पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, करमाडजवळ, रुळांवर झोपी गेलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडून मरण पावले. ते मध्यप्रदेशचे रहिवासी होते आणि जालन्याच्या कारखान्यातून पायी निघाले होते. त्यांच्या शिदोरीच्या भाकरी रुळांवर विखुरल्या होत्या. त्याच दिवसांत इंदूरच्या वळणरस्त्यावर उभे राहून अनोळखी वाटसरूंना अन्न, पाणी आणि पायांत घालावयास चपला देणारी माणसेही होती, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

मागील काळीही असेच घडले होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय कॅथलिक डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले आणि काही महिन्यांत जवळजवळ अर्धे शहर गावोगाव पांगले. गिरण्यांना माणसे मिळेनात. जे गिरणीमालक एरवी मजुरी आठवडेच्या आठवडे अडकवून ठेवीत, तेच रस्त्याच्या कोपऱ्यावर मजुरांसाठी एकमेकांवर चढाओढ करू लागले व रोजचा पैसा रोज देऊ लागले. म्हणजे रोजच्या रोज मजुरी देणे अशक्य नव्हते! साथ ओसरल्यावर मात्र जुनी रीत परत आली. मजुरी वेळेवर देण्याचे बंधन घालणारा कायदा यावयास १९३६ साल उजाडावे लागले.

आणि कायदा असूनही काय होते? इंदूरची हुकुमचंद गिरणी १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी बंद पडली. तेथील सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या देण्याचा, २२४ कोटी रुपयांचा, धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी, नाताळच्या दिवशी, सुपूर्द झाला. तीस वर्षांत पुष्कळ कामगार हे देणे न पाहताच देवाघरी गेले होते.

पवित्र शास्त्राने या बाबतीत संदिग्धता ठेविलेली नाही. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रातच आहे. अडकवून ठेविलेली मजुरी देवाकडे आक्रोश करते, असे संत याकोब बजावितो. प्रभू येशूच्या दाखल्यातील द्राक्षमळ्याचा धनी दिवस मावळता मावळताही चौकात रिकामे उभे असलेल्यांस कामावर घेतो आणि त्याच संध्याकाळी सर्वांचा हिशेब पुरा करतो. पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी कामगारांविषयीचे आपले परिपत्रक प्रसिद्ध केले, तेव्हाही न्याय्य मजुरी हा त्याचा गाभा होता. २०२५ साली निवडून आलेल्या पोप महाशयांनी चौदावे लिओ हे नाव घेतले, तेही त्या शिकवणीची आठवण ठेवूनच.

इंदूरच्या धर्मप्रांताने तर ही शिकवण रक्ताने लिहिली आहे. धर्मभगिनी राणी मारिया उदयनगर भागात सावकारांच्या विळख्यात सापडलेल्या भूमिहीन मजुरांस बचत करावयास व एकजुटीने राहावयास शिकवीत. त्याच कारणास्तव २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या बसमधील प्रवासात त्यांची हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथेच त्यांस धन्य घोषित करण्यात आले.

आता आपल्या घरापुरते पाहू. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले परगावी कामास आहेत. मुलगा निघण्यापूर्वी धन्याचे नाव, पत्ता आणि ठरलेली मजुरी कागदावर लिहून घ्यावी. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी ऑगस्ट २०२१ पासून सुरू आहे, ती करून घ्यावी. एका राज्याच्या शिधापत्रिकेवर दुसऱ्या राज्यात धान्य मिळण्याची सोय जून २०२२ पर्यंत सर्व राज्यांत झाली आहे, तिची माहिती मुलास द्यावी. टाळेबंदीत ज्यांची उपासमार झाली, त्यांतल्या अनेकांपाशी शिधापत्रिका होती, पण ती गावाकडे राहिली होती आणि परराज्यात तिचा उपयोगही नव्हता.

परंतु आपण केवळ मजूर पाठविणारे नाही, मजूर लावणारेही आहोत. कांदा काढणीस, ऊसतोडीस, घर बांधावयास आपल्याही दारी माणसे येतात. बाजारभाव पडला म्हणजे "पुढच्या आठवड्यात ये" हे वाक्य आपल्याही तोंडून किती सहज निघते! साथ पुन्हा येईल की नाही, हे देवास ठाऊक. ती आली, तर आपल्या दारी परत कोण येईल, हे आज संध्याकाळी आपण कोणाची मजुरी चुकती करतो यावर ठरेल.

यास्तव आज रात्री रोझरीस बसण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबप्रमुखाने एक गोष्ट मनाशी आठवून पाहावी: कोणाचे काही आपल्याकडे राहिले आहे काय? राहिले असेल, तर रोझरी थोडी उशिरा झाली तरी चालेल. आधी त्या माणसाच्या दारी जाऊन यावे. कामकरी संत योसेफ आपल्या घरासाठी आणि परगावी राबणाऱ्या आपल्या मुलांसाठी देवापाशी विनंती करो.